सूर्याचा प्रतिनिधी

गेल्या चातुर्मासातील एका सकाळी, देवपूजेसाठी तुळशीची पाने खुडता खुडता हात आखडता घेऊन माझ्या सुनेने मला विचारले, “मामा, ही तुळस उन्हात वाढलेली नाही, दिव्याखाली वाढलेली आहे, हिचे पान देवाला चालते का?” प्रश्न इतक्या साधेपणाने विचारला गेला होता की ‘चालते’ असे एका शब्दात सांगून मोकळे होणे सहज शक्य होते, पण जे उत्तर आपल्याला ठाऊक नाही, केवळ सोयीचे आहे म्हणून द्यावेसे वाटते, ते घरच्या माणसालाही देऊ नये, या विचाराने मी “बघून सांगतो” एवढेच म्हणालो, आणि पुढे कित्येक दिवस तो प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला.

आमचे मूळ घर भालकी तालुक्यातले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बिदर जिल्ह्याची वाटणी होऊन उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठवाड्याबरोबर गेले आणि भालकी, हुमनाबाद, औराद हे म्हैसूर राज्यात आले. कचेरीतील उर्दू दप्तर जाऊन कानडी दप्तर आले, पण घरातील मराठी आणि चौकातील तुळशीवृंदावन यांना त्या फेरवाटणीची झळ लागली नाही. त्या चौकात सूर्य रोज आपल्या पायांनी येत असे. उत्तरायणात वृंदावनाच्या एका अंगाने, दक्षिणायनात दुसऱ्या अंगाने, आणि आजीला घड्याळ नसतानाही नैवेद्याची वेळ त्या उन्हाच्या पट्ट्यावरून कळत असे. आता मुलाच्या नोकरीमुळे आम्ही कलबुर्गीत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहतो. ज्या शहरात वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही आणि उन्हाच्या नावाने माणसे हात जोडतात, त्याच शहरात आमची गॅलरी उत्तरेकडे तोंड करून, समोरच्या इमारतीच्या सावलीत वर्षभर उभी असते, आणि तिच्यात सूर्याचा एक किरणही उतरत नाही. दोन वर्षांत तीन तुळशी तिथे वाळल्या. पाणी कमी पडले असेल म्हणून पत्नीने पाणी वाढवले, तेव्हा तिसरीची मुळे कुजली. मग मुलाने, झाडे घरात वाढवण्यासाठी मिळणारा, ज्याला बाजारात ‘फुल स्पेक्ट्रम ग्रो लाइट’ म्हणतात तो एलईडी दिवा आणला, आणि सुनेचा प्रश्न जन्माला आला.

सूर्याला निरांजन ओवाळणे ही आपली जुनी रीत आहे. ज्याच्यामुळे दिवा दिसतो त्यालाच दिवा दाखवण्यात भक्तीचे सौंदर्य आहे, आणि रथसप्तमीला अंगणात दूध उतू घालणाऱ्या कोणत्याही बाईला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. परंतु सूर्याला दिवा दाखवणे निराळे आणि सूर्याच्या जागी दिवा बसवणे निराळे. पहिल्यात दिवा उपचार आहे, दुसऱ्यात तो मुखत्यार आहे; आणि मुखत्याराने कोणते कागद आपल्या सहीने करावेत आणि कोणत्या कागदावर मालकाचीच सही लागते, हे ठरवल्यावाचून त्याला मुखत्यारपत्र देता येत नाही.

या प्रश्नाला आपल्या शास्त्रात नाव आहे. मूळ वस्तू न मिळाल्यास तिच्या जागी जी घ्यायची, तिला मीमांसक ‘प्रतिनिधी’ म्हणतात, आणि जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात त्याचा इतका काटेकोर विचार आहे की आजच्या कायदेपंडितानेही तो आदराने वाचावा. यज्ञात व्रीही म्हणजे भात सांगितला आहे आणि तो मिळाला नाही, तर त्याच्याशी साम्य असलेले रानभात, म्हणजे नीवार, घ्यावे. सोमवल्ली न मिळाल्यास पूतिका घ्यावी, असे तर प्रत्यक्ष श्रुतीच सांगते. नित्य कर्म आपल्या शक्तीनुसार, एखादे अंग उणे ठेवूनही करावे, कारण ते टळूच नये. काम्य कर्म मात्र सर्व अंगे जुळत असतील तरच आरंभावे, कारण फळाची इच्छा धरणाऱ्याला अपुरेपणाची सवलत नाही. आणि या सर्वांत महत्त्वाचा निर्णय असा की द्रव्याला प्रतिनिधी आहे, देवतेला नाही. इंद्राचा भाग अग्नीला देऊन इंद्राचे कर्म झाले असे म्हणता येत नाही. कारण भाताचे काम पिठाचा पुरोडाश होणे हे आहे, ते डोळ्यांना दिसते, आणि जे काम दिसते ते दुसऱ्या धान्यानेही होते की नाही हेही दिसते. देवतेचे काम मात्र केवळ शब्दावरून कळते, आणि शब्दाने जिचे नाव घेतले तिच्या जागी दुसरी आणण्याचा अधिकार कोणाला नाही.

हा विचार आमच्या मुलुखाला परका नाही. कलबुर्गीहून काही तासांत पोहोचता येईल अशा कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यात, १०७६ ते ११२६ या काळात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली, आणि यज्ञाच्या वेदीवर घासून तयार झालेले मीमांसेचे न्याय वारसा, वाटणी आणि दत्तक यांसारख्या घरगुती तंट्यांना लावून दाखवले. दत्तकालाही धर्मशास्त्र पुत्राचा प्रतिनिधीच म्हणते. आणि ज्या घरात दत्तक घेतला गेला आहे त्या घराला ठाऊक असते की प्रतिनिधी या शब्दात कमीपणा नाही, फक्त एक शिस्त आहे. यज्ञवेदीवरचा न्याय घराच्या वाटणीला लावता येत असेल, तर तो दुसऱ्या मजल्यावरच्या कुंडीलाही लावता यावा असे मला वाटले.

तेव्हा प्रश्न असा उरला: तुळशीच्या दृष्टीने सूर्य द्रव्य आहे की देवता?

योहान इंगेनहाउस या डच वैद्याने १७७९ साली प्रयोगांनी दाखवले की हवा शुद्ध करण्याचे पानांचे काम सूर्याच्या उष्णतेने नव्हे तर त्याच्या प्रकाशाने चालते, आणि ते हिरव्या भागांतच चालते. म्हणजे झाड सूर्यापासून जे घेते ते अन्न शिजवण्याचे एक साधन आहे, मोजता येणारे, दिसणाऱ्या कामाचे. शुद्ध मीमांसेच्या भाषेत ते द्रव्य आहे. आपण अर्घ्य देतो तो सूर्य मात्र सविता आहे, त्याला प्रतिनिधी नाही. एकाच बिंबाची ही दोन नाती निराळी ओळखली की गोंधळ पुष्कळसा मावळतो. दिवा तुळशीला अन्न देऊ शकतो. तो आमचे अर्घ्य घेऊ शकत नाही. बृहदारण्यकात जनक राजा याज्ञवल्क्याला माणूस कोणत्या प्रकाशाने चालतो असे विचारतो, तेव्हा ऋषी आधी सूर्य सांगतो, सूर्य मावळल्यावर चंद्र, चंद्रही मावळल्यावर अग्नी, पुढे वाणी, आणि शेवटी आत्मा. त्या मालिकेत अग्नी सूर्याचे काम चालवतो, पण अग्नी म्हणजे सूर्य असे ऋषी कोठेही म्हणत नाही.

तथापि एवढ्यावर थांबणे म्हणजे प्रश्नाचा सोपा अर्धा भाग सोडवून अवघड अर्धा टाळणे होईल. प्रतिनिधी चालतो, पण कोणताही चालत नाही. त्यासाठी साम्य लागते. आणि त्यातही मीमांसकांनी एक सूक्ष्म नियम घालून ठेवला आहे, जो वाचताना मी पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. प्रतिनिधी म्हणून घेतलेली वस्तूही संपली, तर पुढची वस्तू शोधताना त्या प्रतिनिधीशी साम्य पाहायचे नाही, मूळ वस्तूशी पाहायचे. नीवार संपला तर नीवारासारखे नव्हे, भातासारखे जे असेल ते घ्यायचे. आम्ही पहिला दिवा घेतला तेव्हा नेमकी हीच चूक केली होती. एका दुकानात मांडलेल्या दहा दिव्यांची एकमेकांशी तुलना करून, सर्वांत झगझगीत आणि खोक्यावर सर्वांत मोठा आकडा छापलेला दिवा आम्ही उचलला; सूर्याशी त्याची रुजवात घातलीच नाही. तो जांभळा उजेड टाकी. घरातले सगळे त्या उजेडात आजाऱ्यासारखे दिसत, आणि तुळशीचे पान पिवळे पडते आहे हेही त्या रंगात कळत नसे. खोक्यावर शंभर वॅटचा दाखला होता; विजेच्या मीटरवर हिशेब केला तेव्हा तो अठरा वॅटही खात नव्हता. चौथी तुळस उंच, बारीक, खिडकीकडे मान लांबवलेली अशी झाली आणि गेली.

मग मी मूळ वस्तूचा अभ्यास सुरू केला. पहिली गोष्ट मला कळली ती अशी की या बाबतीत माणसाचा डोळा हा फितूर साक्षीदार आहे. स्वच्छ दुपारी उघड्या माळावरचा उजेड सुमारे एक लाख लक्स असतो, आणि रात्री दिवे लावलेल्या आपल्या बैठकीच्या खोलीत तो दोनतीनशे लक्स भरतो. शेकडो पटींची ही तफावत, पण स्वतःला जुळवून घेऊन डोळा दोन्हीकडे ‘पुरेसा उजेड आहे’ अशी एकच जबानी देतो. शिवाय लक्स आणि ल्युमेन ही मापेच डोळ्याच्या आवडीवर बेतलेली आहेत. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट-पिवळा प्रकाश सर्वांत तेजस्वी वाटतो, म्हणून त्या रंगाला ही मापे जास्त गुण देतात. झाडाला आपली आवड लागू नाही. ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले प्रकाशकण दर सेकंदाला त्याच्या पानावर किती पडतात, एवढेच ते पाहते, आणि त्याचे माप मायक्रोमोलमध्ये सांगतात. भर दुपारच्या उन्हात दर चौरस मीटरला सुमारे दोन हजार, आणि घरात तुळस धड वाढायची तर निदान दोनशे ते चारशे.

‘फुल स्पेक्ट्रम’ या शब्दाचीही मी चौकशी केली. त्याची सर्वमान्य, बंधनकारक व्याख्या नाही. जो तो आपल्या मालावर तो छापू शकतो. निळा एलईडी शोधल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, त्या निळ्या दिव्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप दिला की पांढरा प्रकाश होतो, आणि चांगल्या दिव्यात त्यालाच लाल एलईडींची जोड दिलेली असते. हा प्रकाश दिसणाऱ्या सर्व रंगांत थोडाफार पसरलेला असतो, पण सूर्याची अतिनील किरणे त्यात जवळजवळ नसतात आणि त्याची ऊबही नसते. तेव्हा ‘पूर्ण’ हा शब्द इथे गौण अर्थानेच घ्यायचा. जांभळ्या दिव्यामागचा तर्क असा की हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश जास्त शोषते, मग हिरवा कशाला खर्चावा? हा तर्क अपुरा आहे. मॅक्री या शास्त्रज्ञाने १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत बावीस प्रकारच्या पिकांची पाने तपासली, तेव्हा हिरव्या प्रकाशाचाही पान मोठ्या प्रमाणात उपयोग करून घेते असे दिसून आले. वरच्या थरात न अडकता तो पानाच्या आत खोलवर जातो, ही त्याची स्वतंत्र चाकरी आहे.

हे वाचताना मला हुमनाबादजवळच्या माणिकनगरची आठवण झाली. १८१७ साली लाडवंतीला जन्मलेल्या माणिकप्रभूंनी तिथे जो संप्रदाय स्थापला त्याचे नाव ‘सकलमत’. मराठी, कानडी आणि हिंदुस्तानी अशा तिन्ही भाषांतून त्यांनी पदे रचली आणि हिंदू, लिंगायत, मुसलमान सर्वांना तो दरबार खुला ठेवला. सकलमताचा अर्थ सर्व मते सारखीच असा पुष्कळ लोक करतात. मला तो तसा वाटत नाही. पानाला तांबडा अधिक लागतो, हिरवा कमी लागतो, पण कोणताही रंग आधीच निरुपयोगी ठरवून गाळून टाकला तर पानाचे नुकसान होते, आणि ते नुकसान कोणत्या थरात झाले हे वरून दिसत नाही. सकलमतातील ‘सकल’ मला या अर्थाचे वाटते.

दुसरा दिवा आम्ही हिशेबाने घेतला. तो खरोखर वीस वॅट वीज घेतो, आणि प्रत्येक वॅटमागे दर सेकंदाला दोन मायक्रोमोल प्रकाशकण देतो असे त्याच्या कागदपत्रात स्पष्ट लिहिले होते. जो विक्रेता हा आकडा सांगत नाही, केवळ ‘सूर्यासारखा’ म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नये, हे मी आता खात्रीने सांगेन. वीस गुणिले दोन म्हणजे चाळीस. चाळीस सेंटिमीटर लांबीरुंदीच्या जागेत तो सगळा उतरला तर दर चौरस मीटरला अडीचशे पडतात. दिवा वर नेला की प्रकाश आजूबाजूला सांडतो आणि हे माप झपाट्याने उतरते, म्हणून तो तुळशीच्या शेंड्यापासून वीतभरावर टांगला आहे. चौदा तास लावला की दिवसाला साडेबारा मोलच्या आसपास भरतात. उन्हाळ्यातील निरभ्र दिवशी उघड्यावरच्या झाडाला चाळीसहून अधिक मिळतात. म्हणजे आमचा प्रतिनिधी मालकाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी काम करतो, आणि त्यासाठी महिन्याला ८.४ युनिट वीज घेतो. नित्य कर्म यथाशक्ती करावे, या न्यायाने मी ते पुरेसे मानतो.

उरली रात्र. दिवा विकणारे लोक प्रकाशाबद्दल बोलतात, अंधाराबद्दल कोणी बोलत नाही; पण गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन संशोधकांनी १९२० साली दाखवले की अनेक झाडे दिवसाच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ठरवतात, आणि पुढे असे उलगडले की झाड खरे तर रात्रीची लांबी मोजते. म्हणून शेवंतीच्या शेतात रात्री दिवे लावून फुले लांबवता येतात. आपल्या घरात सूर्यास्तानंतर तुळशीचे पान खुडत नाहीत. तिला झोपू द्यावे असे आजी म्हणे. आजीला हे संशोधन ठाऊक नव्हते आणि संशोधकांना आजी ठाऊक नव्हती, आणि एकाने दुसऱ्याला सिद्ध केले असे म्हणण्याची घाई मी करणार नाही. पण ज्याला आपण पोसतो त्याच्या रात्रीवर आपला हक्क नाही, एवढे मला दोघांकडूनही शिकता येते. बिदरच्या नरसिंह झरणीत डोंगराच्या पोटातील भुयारातून, कमरेपेक्षा वर आलेल्या पाण्यातून चालत गेल्यावर टोकाला देव भेटतो. आमच्या मुलुखात अंधाराचा धाक आहे, तसा आदरही आहे.

एक आक्षेप मात्र मला कित्येक दिवस छळत राहिला, आणि तोही कल्याणातूनच आला. मिताक्षरेनंतर सुमारे अर्धशतकाने त्याच नगरात, बिज्जळाच्या राज्यात, बसवेश्वर आणि त्यांच्या शरणांनी अनुभवमंटपात कर्मकांडाचा पायाच तपासायला घेतला. त्यांच्यापुढे सुनेचा प्रश्न ठेवला असता, तर देवाला पान चालते की नाही हे विचारण्यापूर्वी, देवाला पान हवे आहे हे तुला कोणी सांगितले, असे त्यांनी विचारले असते. आणि मीमांसेच्या अधिकरणांत मला या प्रश्नाचे समाधान करणारे उत्तर सापडले नाही. पण शरणांनीच दिलेल्या दोन शब्दांनी मला वाट दाखवली. ज्या ‘स्थावर’ आणि ‘जंगम’ या शब्दांवर त्यांनी आपले तत्त्वज्ञान उभारले, त्यांचा जुना साधा अर्थ झाड आणि चालणारा जीव असाही आहे. उन्हातली तुळस स्वतःचे अन्न स्वतः मिळवते. ती आमच्याबरोबर दुसऱ्या मजल्यावर आली ती आपल्या पायांनी नव्हे. आम्ही तिला आणले. जो स्वतः उठून उन्हात जाऊ शकत नाही त्याला आपण सावलीत ठेवले, तर ऊन त्याच्यापर्यंत नेणे हे आपले देणे आहे, आणि ते देणे त्याच्या मापाने फेडायचे, आपल्या डोळ्याला काय झगझगीत दिसते त्या मापाने नव्हे. याला शरण कायक, म्हणजे श्रमाची साधना, म्हणतील, दासोह, म्हणजे निष्काम सेवा, म्हणतील. पूजा पुढची गोष्ट. तुळस उपाशी ठेवून तिचे पान देवाला वाहणे हा खरा दोष होता, आणि तो आमच्याकडून दोन वर्षे घडला.

म्हणून मी सुनेला सांगितले की पान चालते. तुळस तुळसच आहे, तिने अन्न कोणत्या हातून घेतले याने तिची जात बदलत नाही. फक्त सकाळचे अर्घ्य गॅलरीतून पूर्वेकडे तोंड करूनच द्यायचे, समोर भिंत असली तरी. आणि मीमांसेचा आणखी एक नियम आहे: मूळ वस्तू हाती आली की प्रतिनिधी बाजूला ठेवावा. “मग गच्चीवर नेऊ या की,” ती लगेच म्हणाली. दिव्याच्या अडीचशेत वाढलेले पान एकदम दोन हजारांच्या उन्हात करपते, म्हणून आम्ही कुंडी आधी आठवडाभर कोवळ्या उन्हात अर्धा अर्धा तास ठेवली, मग तासभर, मग सकाळभर.

मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला आम्ही सगळे भालकीला शेतावर गेलो. कडब्याच्या कोपीत पाच पांडवांची पूजा झाली, आंबिल आणि भज्जी यांचा नैवेद्य झाला, उभ्या ज्वारीत आंबिलाचा शिडकावा झाला. परतताना ती तुळस आम्ही जुन्या वाड्यातील वृंदावनात लावून आलो. तिच्या मंजिऱ्यांचे बी कलबुर्गीच्या कुंडीत पेरले होते. त्याची चार रोपे आता बोटभर उंच आहेत. त्यांच्यावरचा दिवा सकाळी सहाला लागतो आणि रात्री आठला बंद होतो.